नाना शंकरशेट : नियुक्त न्यायाधिकार आणि लोकांचा विश्वास

चेन्नईच्या पश्चिमेस, बंगळूरच्या मार्गावर असलेले इरुंगाट्टुकोट्टै आज कारखान्यांसाठी ओळखले जाते. त्याच्या दक्षिणेस असलेल्या उत्तरमेरूर येथील मंदिराच्या भिंतींवर पहिल्या परांतक चोळाच्या काळातील, इ. स. ९१९ व ९२१ चे, शिलालेख आहेत. पात्र व्यक्तींची नावे ताडपत्रांवर लिहून घटात टाकावीत, लहान मुलाच्या हातून एकेक पत्र काढवून ग्रामसमितीचे सभासद वर्षभरासाठी ठरवावेत, अशी पद्धती त्यांत नोंदलेली आहे. पूर्वीच्या कामाचा हिशेब न देणारा व त्याचे आप्त अपात्र ठरत. पात्रता मात्र जमीन व विद्या असलेल्यांपुरतीच होती. स्थानिक अधिकार कोणाच्या संमतीने यावा, हा यामागील प्रश्न एकोणिसाव्या शतकातील मुंबईत पुन्हा उभा राहिला. जगन्नाथ शंकरशेट यांचे चरित्र त्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे सधन दैवज्ञ घराण्यात झाला. १८२२ मध्ये वडील निवर्तले आणि ऐन तारुण्यात पेढीचा भार त्यांच्यावर आला. त्या वेळी मुंबईत ‘जस्टिस ऑफ दि पीस’ हा अधिकार केवळ युरोपियनांकडे होता. १७९३ च्या कायद्यापासून रस्ते, सफाई व पहारा यांची व्यवस्था आणि त्यांसाठी लागणारी घरांवरील पट्टी या न्यायाधिकाऱ्यांच्या हाती होती. पट्टी भरणारे बहुसंख्य हिंदी. ती बसविणाऱ्यांत हिंदी एकही नाही. १८३२ च्या पार्लमेंटच्या कायद्याने हा अडसर दूर झाला आणि थोड्याच काळात नेमल्या गेलेल्या पहिल्या हिंदी जस्टिसांत नानांचा समावेश झाला.

ही निवडणूक नव्हे, नियुक्ती होती. म्हणूनच तिचा उपयोग त्यांनी कसा केला, हे महत्त्वाचे ठरते. सोनापूरची स्मशानभूमी शिवडीस हलविण्याचा बेत निघाला तेव्हा त्यांनी सामान्य हिंदू रहिवाशांची अडचण सरकारपुढे मांडली आणि तो बेत मागे पडला. १८४० च्या शिक्षण मंडळावर ते नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या वतीने आले. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी स्वतःच्या वाड्यात जागा दिली. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन करण्यात ते अग्रभागी होते. राज्यकारभारात हिंदी लोकांना स्थान असावे, ही मागणी या संस्थेने पार्लमेंटकडे अर्जाद्वारे केली. सरकारने नेमलेला गृहस्थ सरकारकडेच प्रतिनिधित्व मागत होता!

दरम्यान १८४५ मध्ये शहर सफाईसाठी मंडळ नेमले गेले. त्यातील दोन युरोपियन व तीन हिंदी सभासद जस्टिसांनी आपल्यातून निवडावयाचे होते. नियुक्तांच्या वर्तुळातच निवडणुकीचा अंकुर फुटला, तो असा.

१८६२ मध्ये नाना मुंबईच्या कायदे कौन्सिलात नेमले गेले. १८६५ च्या कायद्याने नगरकारभार जस्टिसांच्या संस्थेकडे सोपविला. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी नानांचे निधन झाले. पुढे १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका आली. त्यांपैकी ३२ करदात्यांनी व १६ जस्टिसांनी निवडावयाचे होते. उरलेले १६ सरकारनियुक्त होते. नानांना स्वतःला मतदारांचे मत कधी मिळाले नाही, आणि ते केवळ धनिकांचे प्रतिनिधी होते, हा आक्षेप पूर्णतः निराधार म्हणता येणार नाही. तथापि करदात्यांच्या हाती मत येण्यापूर्वी त्यांच्या वतीने बोलण्याची सवय नगरीला ज्यांनी लावली, त्यांत नाना अग्रगण्य होत.