राज्य गमावलेला तरुण योद्धा : महाराजा यशवंतराव होळकर



राज्य बुडाले आहे, घरातील माणसे मारली गेली आहेत किंवा कैदेत पडली आहेत आणि एक तरुण योद्धा एकटाच रानावनांतून वाट काढीत ते राज्य परत मिळवायला निघाला आहे, अशा काल्पनिक कादंबऱ्या तुमच्यापैकी पुष्कळजण आवडीने वाचतात. त्या नायकाजवळ बहुधा एखादी जादूची तलवार असते. आज ज्या पुरुषाची ओळख करून घ्यायची आहे त्याच्याजवळ जादू नव्हती, पण त्याची कथा अशीच आहे. शिवाय ती आपल्या इंदूरच्या राजघराण्यातली आहे आणि खरी घडलेली आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्या शहरातील एम. वाय. हॉस्पिटल किंवा शहराजवळचा यशवंत सागर यांना ज्यांचे नाव दिले आहे ते महाराजा यशवंतराव विसाव्या शतकातले. ते होळकर घराण्यातील शेवटचे राज्यकर्ते. १९६१ मध्ये ते वारले. आपले चरित्रनायक त्याच नावाचे पहिले यशवंतराव, त्यांच्या सव्वाशे-दीडशे वर्षे आधीचे.

यशवंतरावांचा जन्म १७७६ साली झाला. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातले वाफगाव हे त्यांचे जन्मगाव. वडील तुकोजीराव होळकर हे पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या काळात फौजेचा कारभार पाहत असत. तुकोजीरावांना काशिराव, मल्हारराव, यशवंतराव आणि विठोजी असे चार मुलगे. त्यांपैकी काशिराव व मल्हारराव विवाहित पत्नीचे पुत्र म्हणून वारस मानले जात. यशवंतराव आणि विठोजी यांना तो मान नव्हता. यशवंतरावांना मराठी उत्तम लिहिता-वाचता येई, फारसीही येत असे आणि हिशेब कळत असे. घोड्यावरची मांड आणि भाल्याची फेक यांत तर त्यांची बरोबरी करणारे थोडेच होते. पण गादीवर हक्क सांगण्याइतके स्थान त्यांना घरात नव्हते.

१७९५ मध्ये अहिल्यादेवी गेल्या. दोन वर्षांनी, ऑगस्ट १७९७ मध्ये, पुण्याच्या मुक्कामी तुकोजीरावही गेले. थोरले काशिराव कारभाराला दुबळे होते. धाकटे मल्हारराव कर्ते होते आणि फौजेचा ओढा त्यांच्याकडे होता. दोन भावांत तंटा सुरू झाला. काशिरावांनी मदत मागितली ती ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांकडे. शिंदे-होळकरांची चुरस जुनी होती. होळकरांचे घर आपल्या मुठीत येण्याची ही संधी दौलतरावांनी सोडली नाही. सप्टेंबर १७९७ मध्ये शिंद्यांच्या फौजेने पुण्याजवळ मल्हाररावांच्या छावणीवर अचानक हल्ला केला. मल्हारराव मारले गेले. त्यांच्या पत्नी त्या वेळी गरोदर होत्या. त्यांना पुढे मुलगा झाला, तोच खंडेराव. हे तान्हे बाळ शिंद्यांच्या ताब्यात राहिले. काशिराव नावाला गादीवर होते, पण त्यांच्या नावाने हुकूम चाले तो दौलतरावांचा.

त्या वेळी यशवंतरावांना एकविसावे वर्ष होते. ते आणि विठोजी त्या गर्दीतून कसेबसे निसटले. यशवंतरावांनी नागपूरकर भोसल्यांकडे आश्रय मागितला. आश्रय मिळाला, पण थोड्याच दिवसांत शिंदे आणि पेशवे यांच्या दडपणाखाली भोसल्यांनी त्यांनाच कैदेत टाकले. १७९८ च्या आरंभीची ही गोष्ट. काही आठवड्यांनी भवानीशंकर खत्री नावाच्या निष्ठावंत साथीदाराच्या मदतीने ते कैदेतून पळाले. तेथून ते माळव्यात धारला आले. धारच्या आनंदराव पवारांनी त्यांना जवळ केले. परंतु दौलतरावांचा धाक तेथेही पोहोचला आणि त्यांना धार सोडावे लागले. निघताना त्यांच्याबरोबर मोजके घोडेस्वार आणि शे-सव्वाशे धड शस्त्रेही नसलेले पायदळ होते. होळकरांचे राज्य परत घेण्याची सुरुवात एवढ्या बळावर झाली.

मित्रांनो, येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. यशवंतरावांनी आरंभी स्वतःला राजा म्हणवून घेतले नाही. कैदेतल्या पुतण्याच्या, बाळ खंडेरावाच्या नावाने आपण लढतो आहोत, असे त्यांनी जाहीर केले. त्यामुळे होळकरांचे जुने शिपाई आणि चाकरी सुटलेले स्वार त्यांच्याकडे येऊ लागले. पुढे टोंकचे नवाब झालेले अमीरखान आपल्या पठाणांसह त्यांना मिळाले. डिसेंबर १७९८ मध्ये नर्मदेकाठी कसरावदजवळ काशिरावांच्या पक्षाकडील फ्रेंच सरदार दुद्रनेक याच्या कवायती पलटणींचा यशवंतरावांनी पराभव केला आणि महेश्वर घेतले. जानेवारी १७९९ मध्ये ते गादीवर बसले. पुण्याहून जीव घेऊन निघाल्यास दीड वर्षही झाले नव्हते. याच सुमारास बंदुकीची नळी फुटून त्यांचा एक डोळा गेला, पण मोहिमा थांबल्या नाहीत. लुटीच्या आशेने आलेल्या फौजेपुढे शिस्तीच्या पलटणी टिकतात हे त्यांनी पाहिले होते, म्हणून त्यांनी स्वतःच्या कवायती पलटणी आणि तोफखाना उभा केला.

कथा कादंबरीतली असती तर येथेच संपली असती. इतिहास मात्र पुढे चालत राहतो.

जुलै १८०१ मध्ये उज्जैनपाशी यशवंतरावांनी शिंद्यांच्या फौजेचा मोठा पराभव केला आणि उज्जैनकडून जबर खंडणी वसूल केली. त्याचा सूड घेण्यासाठी दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे ऑक्टोबरमध्ये इंदुरावर चालून आले. यशवंतरावांचा पराभव झाला. घाटग्यांनी आपले इंदूर लुटले आणि राजवाडा जाळला. १९८४ च्या आगीच्या आठवणी आपल्यापैकी पुष्कळ वडीलधाऱ्यांना आहेत. त्याच राजवाड्याची ही १८०१ ची आग. ती लावणारे परके कोणी नव्हते. मराठी सरदारानेच मराठी सरदाराचे गाव जाळले होते.

याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात आणखी भयंकर गोष्ट घडली होती. धाकटे बंधू विठोजी पेशव्यांच्या मुलखात धामधूम करताना पकडले गेले. दुसऱ्या बाजीरावांनी त्यांना शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी देऊन ठार केले. यशवंतरावांना ही जखम फार खोल लागली. ते फौज घेऊन दक्षिणेत उतरले. खंडेरावाला सोडावे, शिंद्यांशी असलेला तंटा पेशव्यांनी मिटवावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. बाजीरावांनी त्या मानल्या नाहीत. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, पुण्याजवळ हडपसर येथे शिंदे व पेशवे यांच्या एकत्र फौजेशी लढाई झाली. आरंभी होळकरांची फळी मोडू लागली होती. तेव्हा यशवंतराव स्वतः घोड्यावरून पुढे घुसले आणि त्यांनी लढाई फिरवली. विजय पूर्ण झाला.

पण बाजीराव हाती लागले नाहीत. ते पुण्यातून पळाले, कोकणमार्गे वसईला पोहोचले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी इंग्रजांशी तह केला. या वसईच्या तहाने इंग्रजांची फौज पेशव्यांच्या पदरी कायमची आली आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलणे करण्याचा पेशव्यांचा अधिकार गेला. यशवंतरावांनी पुण्यात अमृतरावांच्या मार्फत दुसरी व्यवस्था लावण्याचा प्रयत्न केला, पण तो साधला नाही. फौजेचा खर्च भागविण्यासाठी पुणेकरांकडून सक्तीने पैसा वसूल केला गेला आणि लोक हवालदिल झाले. हडपसरचा विजय त्यांचा, पण लाभ इंग्रजांचा झाला.

यानंतर १८०३ साल आले. माझ्या मते यशवंतरावांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग कुठल्या रणांगणावरचा नाही, तर या वर्षातला आहे. वसईच्या तहामुळे शिंदे आणि भोसले इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. होळकरांनीही यावे, असे बोलणे सुरू झाले. ज्या दौलतरावांनी भावाला मारले, पुतण्याला कैदेत ठेवले आणि ज्यांच्या सरदाराने इंदूर जाळले, त्यांच्या खांद्याला खांदा लावायचा होता. ज्या नागपूरकरांनी आश्रयाच्या नावाखाली कैद केले तेही त्याच बाजूला होते. यशवंतराव गेले नाहीत. ते माळव्यात परतले आणि बाजूला राहिले. सप्टेंबरात असई येथे, नोव्हेंबरात लासवाडी आणि आडगाव येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजा मोडल्या. दिल्लीही इंग्रजांच्या हाती गेली. वर्ष संपता संपता दोघांनीही तह केले. त्यांच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःला विचारून पाहावा. उत्तर वाटते तितके सोपे नाही.

१८०४ मध्ये यशवंतरावांना एकट्यालाच इंग्रजांशी लढावे लागले, आणि ते असे लढले की त्यांचे नाव विलायतेपर्यंत गेले. कर्नल मॉन्सन हा इंग्रज अधिकारी पलटणी घेऊन कोट्याजवळच्या मुकुंदरा घाटापलीकडे फार आत आला होता. धान्य अपुरे होते आणि पावसाळा लागला होता. होळकरांचे स्वार जवळ येताच जुलैमध्ये तो माघारी फिरला. चंबळ आणि बनास दुथडी भरून वाहत होत्या, काळ्या मातीच्या चिखलात तोफा रुतत होत्या आणि यशवंतरावांचे घोडेस्वार पाठ सोडत नव्हते. तोफा व सामान टाकीत, माणसे गमावीत, ऑगस्टअखेर मॉन्सन आग्र्याला पोहोचला तेव्हा त्याच्या फौजेचे नुसते अवशेष उरले होते. मात्र त्याच ऑगस्टमध्ये दुसऱ्या इंग्रज तुकडीने मागे इंदूर घेतले. पुढे यशवंतरावांनी दिल्लीला वेढा घातला, पण तो यशस्वी झाला नाही. नोव्हेंबरमध्ये डीग आणि फर्रुखाबाद येथे त्यांच्या सैन्याची हानी झाली.

तेव्हा त्यांना साथ दिली ती भरतपूरचे जाट राजे रणजितसिंह यांनी. १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जनरल लेकने भरतपूरच्या मातीच्या तटांवर चार वेळा हल्ला केला आणि चारही वेळा त्याला मागे हटावे लागले. त्याचे तीन हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. तरीही पैसा आणि धान्य संपत आल्यावर भरतपूरकरांनी तह केला. यशवंतराव दौलतरावांनाही भेटले, एकत्र येण्याची बोलणी झाली, पण त्यांतून काही निष्पन्न झाले नाही. मग ते पंजाबात महाराजा रणजितसिंह यांच्याकडे गेले. शिखांनीही लढाईत पडायचे नाही असे ठरविले. ज्या एकीची हाक यशवंतराव आता देत होते, तिची वेळ दोन वर्षांपूर्वीच टळली होती.

डिसेंबर १८०५ मध्ये बियास नदीकाठी राजपूरघाटचा तह झाला. सततच्या युद्धखर्चाला इंग्रजांचे विलायतेतील धनी कंटाळले होते, त्यामुळे यशवंतरावांना बराच मुलूख परत मिळाला. तैनाती फौज त्यांनी पदरी घेतली नाही. आठ वर्षांपूर्वी रिकाम्या हाताने पळालेला तरुण एकोणतिसाव्या वर्षी आपले राज्य राखून माळव्यात परतला.

शेवटची वर्षे मात्र दुःखाची गेली. मंदसौरकडील भानपुरा येथे राहून त्यांनी नव्या तोफा ओतण्याचे काम रात्रंदिवस चालविले. पुतण्या खंडेराव आणि बंधू काशिराव याच काळात मरण पावले आणि त्याचा ठपका काही इतिहासकारांनी यशवंतरावांवरच ठेवला आहे. ज्या बाळाच्या नावाने लढा सुरू झाला त्याच्याबद्दल असा आरोप यावा, हा चरित्रातील काळा डाग आपण झाकू नये. १८०८ च्या सुमारास त्यांच्या मनाचा तोल गेला आणि तो पुन्हा सावरला नाही. ऑक्टोबर १८११ मध्ये भानपुऱ्यालाच त्यांचा अंत झाला. वयाची पस्तिशीही पूर्ण झाली नव्हती. त्यांची छत्री तेथे आहे.

सहा वर्षांनी, २१ डिसेंबर १८१७ रोजी, महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला. यशवंतरावांची कन्या भीमाबाई त्या वेळी घोड्यावरून लढल्या. जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह होऊन राज्य इंग्रजांच्या अंकित झाले आणि त्यानंतर आपले इंदूर राजधानी बनले. जळालेला राजवाडा याच काळात पुन्हा बांधला गेला. राजवाड्यापासून जवळच, कान्ह नदीकाठी, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत. त्यांतील कृष्णाबाई या यशवंतरावांच्याच पत्नी.

मुलांनो, हिंमत कशी असावी हे यशवंतरावांकडून शिकावे. कैद, दारिद्र्य, गेलेला डोळा, जळलेले गाव यांपैकी कशानेही ते खचले नाहीत. पण घरातले भांडण वेळीच न मिटवल्याने काय होते, हेही त्यांच्याच चरित्रातून शिकावे. त्यांच्यावर अन्याय झाला होता हे खरे. त्यांचा राग खोटा नव्हता. तरी शिंदे, होळकर, भोसले आणि पेशवे या प्रत्येकाने आपापला हिशेब आधी चुकता करायचे ठरविले आणि तेवढ्या अवधीत सगळ्यांचेच राज्य गेले. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ ही म्हण आपण परीक्षेत लिहितो. घरात, वर्गात आणि आम्हा मोठ्या माणसांच्या संस्थांतही ती आठवावी.

सुटीच्या दिवशी आई-वडिलांबरोबर राजवाड्यावर जा. तेथून चालत कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत या. वाटेत यशवंतरावांची ही गोष्ट त्यांना तुम्हीच सांगा.