लाला दीनदयाल: राजवाड्यांचे फोटो काढणारा इंजिनिअर

फ्लॅट भाड्याने द्यायचाय, गावचं घर विकायचंय, रूममेट शोधायचाय. पहिलं काम काय? फोन काढायचा आणि खोलीचे फोटो घ्यायचे. मग फोटो बघितल्यावर कळतं की भिंती आत झुकल्यात, खिडकी म्हणजे नुसता पांढरा चौकोन झालाय आणि कोपऱ्यात ठेवलेली खुर्ची रबरासारखी ताणली गेलीय. आपण लगेच फोनला दोष देतो आणि नवीन मॉडेलचे रिव्ह्यू बघायला लागतो.

पण हे प्रॉब्लेम फोनचे नाहीतच, ते प्रकाशाचे आणि भूमितीचे आहेत. जवळपास दीडशे वर्षांपूर्वी आपल्या देशातल्या एका सिव्हिल इंजिनिअरने हेच प्रॉब्लेम काचेच्या प्लेटवर सोडवले होते. त्यांचं नाव लाला दीनदयाल. किल्ले, मंदिरं, राजवाडे, दिवाणखाने असं सगळं त्यांनी टिपलं. आजच्या भाषेत सांगायचं तर भारतातल्या सगळ्यात महागड्या प्रॉपर्टीचे फोटो काढण्याचं काम या माणसाकडे होतं.

दीनदयाल यांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधना गावचा. कुटुंब जैन, धंदा जवाहिराचा. शिक्षण मात्र रुडकीच्या थॉमसन सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये झालं. हेच कॉलेज आज आयआयटी रुडकी आहे. १८६६ मध्ये ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात लागले. पद होतं हेड एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन. म्हणजे इमारतीला किती खर्च येईल याचा हिशोब करायचा आणि नकाशे काढायचे. पक्की सरकारी नोकरी. घरचे खूश असणार.

फोटोग्राफी सुरू झाली ती नोकरी सांभाळूनच, १८७४ च्या आसपास. इंदूर होळकरांचं संस्थान. महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी या तरुण ड्राफ्ट्समनला आधार दिला. मध्य भारतातले ब्रिटिश एजंट सर हेन्री डेली यांनीही प्रोत्साहन दिलं. इंदूरला आज ज्यांच्या नावाचं डेली कॉलेज आहे तेच हे डेली. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स भारत दौऱ्यावर आला, तेव्हा त्या दौऱ्याचे फोटो काढणाऱ्यांमध्ये दीनदयाल होते. साइड प्रोजेक्ट म्हणून चालू केलेलं काम दोन वर्षांत राजपुत्रापर्यंत पोचलं.

आता जरा त्यांच्या कॅमेऱ्याकडे बघू, कारण खरी गंमत तिथे आहे.

त्या काळात वेट कोलोडियन पद्धत चालायची. काचेच्या प्लेटवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, मग ती प्लेट सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत डेव्हलप करायची. हातात साधारण दहा-पंधरा मिनिटं. मध्य भारतातल्या उन्हाळ्यात त्याहून कमी. त्यामुळे फोटोग्राफरबरोबर अंधारा तंबू, केमिकलच्या बाटल्या, पाणी आणि काचांच्या पेट्या असं सगळं बिऱ्हाड फिरायचं. पुढे १८८० च्या सुमारास कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या जिलेटिन प्लेट बाजारात आल्या आणि हा त्रास बराच कमी झाला. प्लेट आधी आणून ठेवता येऊ लागली, डेव्हलप नंतर करता येऊ लागली.

आणि कॅमेरा मोठा का असायचा? कारण तेव्हा प्रिंट बहुतेक वेळा निगेटिव्हला कागद चिकटवूनच काढायचे. एन्लार्ज करायची सोयच नव्हती म्हटलं तरी चालेल. फोटो जेवढा मोठा हवा, तेवढीच मोठी काच कॅमेऱ्यात घालायची. ८ बाय १० इंचाचा फोटो हवा तर ८ बाय १० इंचाची काच. तुमच्या फोनचा सेन्सर नखाएवढा असतो. म्हणूनच २०० मेगापिक्सेलच्या जाहिराती बघताना थोडं सावध राहा. पिक्सेल किती हे ठीक, पण ते किती जागेत कोंबलेत हेही बघायचं असतं. बहुतेक फोनमध्ये १एक्सच्या मेन कॅमेऱ्याचा सेन्सर सगळ्यात मोठा असतो आणि ०.५एक्सच्या अल्ट्रावाइडचा त्याहून लहान. खोलीचा फोटो १एक्सवर बसत असेल तर तोच वापरा. बसत नसेल तर दारात, अगदी कोपऱ्यात पाठ टेकवून उभे राहा आणि तरीही जमलं नाही तरच ०.५एक्स. त्यात कडेला येणाऱ्या वस्तू ताणल्या जातात, म्हणून माणूस, गोल टेबल, खुर्ची असलं काही फ्रेमच्या काठावर ठेवू नका.

१८८० च्या दशकाच्या सुरुवातीला सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर दीनदयाल बुंदेलखंडात फिरले. ग्वाल्हेर, ओर्छा, खजुराहो, सांची. या कामातून मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंचा ८६ फोटोंचा संग्रह तयार झाला. हे फोटो नीट बघितले की एक गोष्ट लगेच जाणवते: उभ्या रेघा उभ्याच आहेत. किल्ल्याची भिंत सरळ, मंदिराचा खांब सरळ. माझ्या मते यात त्यांची ड्राफ्ट्समनची नोकरी दिसते. इमारतीचं एलिव्हेशन कागदावर काढणाऱ्या माणसाला झुकलेली भिंत सहनच होत नाही.

आपली भिंत का झुकते? उंच इमारत फ्रेममध्ये बसवायला आपण फोन वर वाकवतो. मग सेन्सर आणि भिंत समांतर राहत नाहीत. भिंतीचा वरचा भाग कॅमेऱ्यापासून लांब जातो, लांबचं लहान दिसतं, आणि दोन्ही कडा वर एकमेकींकडे सरकतात. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात यावर साधा उपाय होता. कॅमेऱ्याचं मागचं अंग, जिथे काच असते, ते भिंतीला समांतर उभं ठेवायचं आणि पुढची लेन्सची पाटी तेवढी वर सरकवायची. मध्ये भात्यासारखं कापड असल्याने ते जमायचं. इमारतीचा कळस फ्रेममध्ये येतो आणि रेघाही सरळ राहतात. (मागच्या काचेवर चित्र उलटं दिसायचं, डोक्यावर काळं कापड घेऊन बघायला लागायचं, ते वेगळंच.)

फोनमध्ये लेन्स अशी सरकवता येत नाही. तुमच्याकडे तीन मार्ग आहेत. लांब जा. किंवा उंचावर जा, समोरच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून बाहेरचा फोटो खूप चांगला येतो. किंवा नंतर ॲपमध्ये सरळ करा. स्नॅपसीडमध्ये पर्स्पेक्टिव्ह आहे, लाइटरूममध्ये जिओमेट्री आहे. पण ॲप जादू करत नाही, ते वरचा भाग ताणतं, त्यामुळे तिथले डिटेल्स मऊ पडतात आणि कडा कापल्या जातात. म्हणून फोटो घेतानाच चारही बाजूंनी थोडी जागा सोडा. खोलीच्या आत तर हा प्रश्नच येऊ देऊ नका: सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा, फोन छातीच्या उंचीवर धरा, अजिबात वर-खाली वाकवू नका, दाराची चौकट ग्रिडच्या रेघेशी जुळवा. एवढ्यानेच तुमचे फोटो बहुतेक ब्रोकर लोकांच्या फोटोंपेक्षा बरे दिसायला लागतील.

त्या काळातल्या फोटोंमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. आकाश बऱ्याचदा कोरं, पांढरं असतं. ढग नव्हते असं नाही. जुन्या प्लेटला मुख्यतः निळा आणि अल्ट्राव्हायोलेट प्रकाशच कळायचा. इमारत नीट उमटेपर्यंत आकाश कधीच जळून गेलेलं असायचं. यावर फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकातच जुगाड काढला होता: समुद्राची एक निगेटिव्ह, आकाशाची दुसरी, आणि प्रिंट करताना दोन्ही जोडायच्या. तुमचा फोन एचडीआरमध्ये करतो ते तत्त्वतः हेच आहे. तो डोळ्याची पापणी लवायच्या आत अनेक फ्रेम घेतो आणि उजेडाचा भाग एकीतून, अंधाराचा दुसरीतून उचलतो. तरीही खिडकी पांढरी होत असेल तर खिडकीवर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक होईल, मग बाजूचा स्लायडर हळूहळू खाली न्या. खोली थोडी काळोखी आली तर चालेल, ॲपमध्ये शॅडोज वाढवता येतात. जळालेली खिडकी मात्र कुठल्याच ॲपमध्ये परत येत नाही, कारण तिथे डेटाच नसतो.

१८८५ मध्ये दीनदयाल हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी फोटोग्राफर झाले. सरकारी नोकरी सुटली. इंदूरनंतर सिकंदराबादला स्टुडिओ निघाला आणि १८९६ मध्ये मुंबईतही. मुलगे ज्ञानचंद आणि धरमचंद धंद्यात आले. निजामाने त्यांना राजा ही पदवी दिली आणि मुसव्विर जंग हा किताबही. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या फोटोग्राफर म्हणून त्यांची नेमणूक झाली.

हैदराबादच्या काळातलं त्यांचं काम आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळचं आहे, कारण तिथे ते घरांच्या आत शिरले. बशीरबाग पॅलेसचा दिवाणखाना, फलकनुमा पॅलेस. झुंबरं, आरसे, गालिचे, कोरीव खुर्च्या, सगळं ठासून भरलेलं. आणि फोटो घ्यायचा मुख्यतः खिडकीतून येणाऱ्या उजेडावर. एक्स्पोजर लांबलचक. तेवढ्या वेळात कोणी हललं तर त्याचं भूत उमटणार. म्हणूनच अशा खोल्या फोटोत रिकाम्या दिसतात. आरशांचा तापही वेगळा, कारण कॅमेरा कुठेही ठेवला तरी कुठल्या ना कुठल्या आरशात तो दिसणार.

तुमच्या हॉलमध्ये झुंबर नसेल, पण पंखा आहे. फोटो घेताना तो बंद करा. कमी उजेडात फोनही शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि फिरणारा पंखा म्हणजे राखाडी थाळी दिसते. पडदे पूर्ण उघडा. ट्यूबलाइट आणि पिवळे बल्ब एकत्र लावू नका, नाहीतर एक भिंत निळी आणि एक पिवळी येते आणि मग व्हाइट बॅलन्स कितीही फिरवला तरी एक सुधारताना दुसरी बिघडते. शक्यतो दिवसाउजेडी सगळे दिवे बंद ठेवून फोटो घ्या. साधा ट्रायपॉड आणि तीन सेकंदांचा टायमर एवढं गिअर पुरेसं आहे. आणि बाथरूमचा फोटो काढताना आरशात स्वतःला शोधा. तुम्ही तिथे असताच.

या स्टुडिओची एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. त्यांच्या कित्येक प्रिंटवर खाली निगेटिव्हचा नंबर आणि नाव दिसतं. काचेवरच लिहिलेलं, म्हणजे प्रत्येक प्रिंटमध्ये ते आपोआप येणार. मेटाडेटा थेट फाइलमध्येच. गिऱ्हाईक काही वर्षांनी परत आला तरी तीच काच शोधून नवी प्रिंट काढता यायची. कोणत्या गिऱ्हाइकाला काय हवं हेही त्यांना कळत होतं. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादला पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवायला मिसेस केनी-लेविक या ब्रिटिश बाईंना नेमलं.

एडिटिंग तेव्हाही होतं. पोर्ट्रेटच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलने सुरकुत्या भरायच्या, काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर हाताने रंग चढवायचे, मागे रंगवलेला पडदा लावायचा, हे त्या काळातल्या स्टुडिओंमध्ये सर्रास चालायचं. निजामाच्या दरबारात सगळं भव्य दिसणं हाच तर कामाचा भाग होता. पण त्याच फर्मच्या नावावर दुष्काळाचेही फोटो आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि औरंगाबाद भागातल्या दुष्काळी मदतकामांचे फोटो याच स्टुडिओने काढले. अर्थात तेही निजाम सरकारने किती मदत केली हे दाखवण्यासाठीच. म्हणजे कॅमेरा कोणाच्या पैशाने उभा आहे यावर चित्र ठरतं. हे दीनदयाल यांच्याबाबत जितकं खरं, तितकंच प्रॉपर्टी साइटवरच्या फोटोंबाबतही.

एडिट किती करायचं हा प्रश्न इथेच येतो. माझा साधा नियम असा: जे घर देताना तुम्ही उचलून नेणार आहात ते फोटोतून काढायला हरकत नाही. कपड्यांची दोरी, गादीवरचा पसारा, भिंतीवरचं कॅलेंडर. जे घराबरोबर राहणार आहे ते काढायचं नाही. छताची ओल, तडा, खिडकीसमोरची दुसरी बिल्डिंग. आता एआय इरेझरने एका बोटात ओल गायब होते, पण ज्याने तो फोटो बघून टोकन दिलं त्याला पहिल्या पावसात ती भेटतेच. बिल्डरसाठी तर हा कायद्याचाही मामला आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर प्रमोटरला भरपाई द्यावी लागते. म्हणून रिकाम्या खोलीत एआयने सोफा टाकला असेल तर फोटोवर तसं लिहा, आणि शेजारी रिकाम्या खोलीचा खरा फोटोही द्या.

दीनदयाल १९०५ मध्ये गेले. १९११ मध्ये निजाम महबूब अली खानही गेले आणि फर्मचे जुने दिवस संपले. पण काचा टिकल्या. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह विकत घेतल्या. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. ब्रिटिश लायब्ररीकडेही त्यांच्या कामाचा मोठा साठा आहे. बशीरबागच्या दिवाणखान्याचा फोटो ऑनलाइन शोधा, मोठ्या साइजचा उघडा आणि झूम करत एकेका खुर्चीपर्यंत जा. मग आपल्या गॅलरीतला हॉलचा फोटो तेवढाच झूम करून बघा.