आधी स्वतःला टोचून घेतलं!

परळची हाफकिन संस्था सगळ्यांना ठाऊक असते, पण हाफकिन हा माणूस कोण, हे मला वाचल्यावरच कळलं. वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसाला झाला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला आणि सरकारने त्यांना तिथे पाठवलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात तीनेक महिन्यांत त्यांनी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःलाच टोचून घेतली, मग भायखळा तुरुंगातले कैदी आपणहून पुढे आले.

त्याच वर्षी पुण्यात रँडचे सोल्जर घराघरांत घुसून झडत्या घेत होते. हेतू प्लेग थांबवण्याचाच, पण लोकांना प्लेगइतकीच सरकारची धास्ती बसली.

१९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवालला लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. खापर हाफकिनवर फुटलं, निलंबनही झालं. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. १९३० मध्ये ते वारले.

मला वाटतं, साथीत नुसता हुकूम सोडून भागत नाही. सांगणाऱ्याने आधी स्वतःची बाही वर करावी लागते; लोक तेच बघतात!