ओवा गेला जर्मनीला

पोट बिघडलं की आई काय देते? चिमूटभर ओवा. पहिल्या महायुद्धाआधी हाच ओवा बोटीत भरून जर्मनीला जायचा. तिथे त्यातून थायमॉल काढायचे आणि ते औषध म्हणून आपल्याकडे परत यायचं, अर्थात चढ्या भावाने. अंकुशकृमीवर तेव्हा थायमॉलच चालायचं. ही कृमी अनवाणी पायातून शिरते, आतड्याला चिकटून रक्त पिते आणि धडधाकट मजुराला पांढराफटक करून टाकते. म्हणजे बघा, ओवा आपला, आजारी माणूसही आपला, नफा मात्र दुसऱ्याचा!

हा उलटा व्यवहार ज्यांना खटकला, त्यांत एक होते डॉ. रामनाथ चोप्रा. जन्म १८८२, गुजराँवाला. लाहोर, केंब्रिज, मग लष्करी डॉक्टरकी. १९२१ मध्ये ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये फार्माकॉलॉजीचे प्राध्यापक झाले आणि देशी वनस्पतींच्या मागेच लागले.

जंतांवरचं सॅन्टोनिन तेव्हा रशियाच्या ताब्यातल्या तुर्कस्तानातून यायचं. चोप्रांनी काश्मीर आणि कुर्रम खोऱ्यातला किरमाणी ओवा तपासला, तर त्यातही सॅन्टोनिन! पण ‘झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक’ असं समजू नका हं. सॅन्टोनिन घेतलं की रुग्णाला सगळं पिवळं दिसायचं, मात्रा चुकली तर जिवावर बेतायचं. म्हणूनच चोप्रांचा हट्ट असायचा: ग्रंथात आहे म्हणून डोळे मिटून घ्यायचं नाही, आजीबाईचं म्हणून फेकायचंही नाही. आधी त्यातलं रसायन शोधा, प्राण्यांवर बघा, मग रुग्णाकडे जा. १९२८ मध्ये एसा चँडलर या अमेरिकन कृमितज्ज्ञाबरोबर त्यांनी माणसांच्या आणि जनावरांच्या कृमींवरील औषधांचं अख्खं पुस्तकच लिहिलं. सर्पगंधा आणि रक्तदाबावरचं त्यांचं काम नंतरचं. खरं तर तो वेगळ्या लेखाचा विषय.

मला त्यांचं मोठं काम वाटतं ते मात्र प्रयोगशाळेबाहेरचं. बाजारात भेसळीची, बिनताकदीची औषधं सर्रास विकली जात होती. १९३० मध्ये सरकारने चौकशी समिती नेमली, अध्यक्ष चोप्रा. पुढच्याच वर्षी अहवाल आला, कायदा यायला मात्र १९४० उजाडलं! निवृत्तीनंतर चोप्रा काश्मीरला गेले आणि तिथेही वनौषधीच तपासत राहिले. १९७३ मध्ये ते वारले.

शाळेत जंतनाशक दिनाला चघळलेली अल्बेंडाझोलची गोळी आठवते? ती कारखान्यात बनते, झाडाशी तिचा संबंध नाही. पण तिच्या पाकिटामागे बारीक अक्षरात जो परवाना क्रमांक असतो ना, तो त्याच १९४०च्या कायद्यातून आलाय.