संग्राम : अकबर बादशहाची बंदूक

आपल्या बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतील संस्कृत शिलालेख पाहावयास दूरदूरचे लोक येतात. मशिदीत संस्कृत लेख ही गोष्टच तशी नवलाची आहे. परंतु त्याच वास्तूत एक फारसी लेखही आहे, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. इ. स. १६०० मध्ये अकबर बादशहा या नगरीत आला, त्या आगमनाचे स्मरण म्हणून तो कोरला गेला. आपल्या गावाशी असा संबंध आलेल्या या पुरुषाचे चरित्र विद्यार्थ्यांस अपरिचित नाही. तोडरमलाची जमाबंदी, फत्तेपूर शिक्री, निरनिराळ्या धर्मांच्या पंडितांचे वादविवाद हे सारे क्रमिक पुस्तकांतून येतेच. म्हणून त्याची पुनरुक्ती न करता अकबराच्या आयुष्याची एक निराळीच बाजू आम्ही येथे सांगणार आहोत. ती म्हणजे त्याचा बंदुकीचा नाद.

अकबराचा जन्म १५ ऑक्टोबर १५४२ रोजी सिंधच्या वाळवंटातील उमरकोट येथे झाला. त्या वेळी त्याचा पिता हुमायून राज्य गमावून रानोमाळ हिंडत होता. पुढे मुलासाठी शिक्षक नेमले गेले. पण अक्षरांशी त्याचे कधीच जुळले नाही. तेराव्या वर्षी, इ. स. १५५६ मध्ये, तो तख्तावर बसला तेव्हा त्यास लिहिता-वाचता येत नव्हते, आणि जन्मभर तो इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन ऐकत राहिला. तथापि ज्याचे डोळे अक्षरांवर ठरत नव्हते त्याचे हात मात्र विलक्षण शहाणे होते. हत्ती वश करणे, घोडा फेकणे, लाकूड तासणे, लोखंड घडविणे, यांत त्याला मनापासून गोडी होती. इ. स. १५८० मध्ये गोव्याहून त्याच्या दरबारी गेलेल्या मोन्सेरात नावाच्या जेझुइट पाद्र्याने लिहून ठेविले आहे की, बादशहाने राजवाड्यालगतच चितारी, सोनार, गालिचे विणणारे आणि शस्त्रे घडविणारे यांचे कारखाने उभारले होते व तो स्वतः तेथे वारंवार जाऊन बसत असे.

त्या काळची बंदूक म्हणजे तोड्याची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, तीवर शिशाची गोळी गजाने ठासावयाची, बुडाशी असलेल्या कानावर चिमूटभर रंजक घालावयाची, आणि चाप ओढला की जळती जामगी त्या रंजकेवर टेकून बार उडावयाचा. या सर्व खटाटोपात खरे भय नळीचे असे. लोखंडाचा पत्रा ठोकून वळवीत आणि त्याच्या दोन कडा समोरासमोर आणून जोडीत. त्यामुळे नळीच्या सबंध लांबीभर एकच सरळ सांधा राही. दारूचा सारा जोर त्या सांध्यावर येई, तो उकले, आणि शत्रूऐवजी बंदूक उडविणाराच घायाळ होई. अबुल फजलाच्या 'आईन-ए-अकबरी'वरून दिसते की, पूर्वीच्या नळ्यांत चतुर्थांशाहून अधिक दारू भरण्याची सोय नव्हती.

अकबराच्या कारखान्यात या दोषावर तोड निघाली. लोखंडाची चपटी पट्टी तिरपी गुंडाळावयाची, पागोट्याचे पेच जसे एकावर एक चढत जातात तशा तिच्या कडा एकमेकींवर चढवावयाच्या, आणि मग भट्टीत हळूहळू तापवून ते सारे एकजीव करावयाचे. सांधा आता सरळ न राहता मळसूत्रासारखा नळीभोवती फिरत जाई, आणि दारूचा जोर एका रेषेवर न पडता सर्वत्र वाटला जाई. दुसरीही एक रीत होती. लोखंडाचे भरीव दांडे तापवून त्यांत सळईने आरपार भोक पाडीत आणि असे तीन-चार तुकडे जोडून एक नळी करीत. लहान बंदुकीस दोन तुकडे पुरत. नव्या नळ्या तोंडापर्यंत दारू भरून उडविल्या तरी फुटत नसत, असे अबुल फजल सांगतो.

हा शोध खुद्द बादशहाचा, असेही तो सांगतो. येथे वाचकांनी थोडे सावध असावे. दरबारी लेखकाच्या लेखणीतून प्रत्येक कल्पनेचे श्रेय तख्ताकडेच वाहत जाते. उस्ताद कबीर आणि हुसेन या दोन कारागिरांची नावे मात्र त्यानेच नोंदविली आहेत, आणि घणाचे घाव त्यांनी घातले हे उघड आहे. पुढे १५८३ मध्ये विजापूरहून आलेला फतहुल्ला शिराझी हा यंत्रविद्येतील मोठा पंडितही अकबराच्या पदरी होता. शिवाय या विद्येचे बीज दक्षिणेत आधीच रुजले होते. आमच्या गोव्याकडील बंदूक घडविणाऱ्या कारागिरांची बरोबरी आल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीने इ. स. १५१३ मध्येच बोहेमियातील कारागिरांशी केली होती. तेव्हा शोध एकट्या अकबराचा नसेलही. पण चांगली बंदूक कशी ओळखावी, याची जी कसोटी त्याने लावून दिली ती मात्र त्याच्याच स्वभावाची आहे, आणि आम्हांस तीच अधिक मोलाची वाटते.

नळी लांबीत पुरी झाली की तिच्यावर लोखंडाचे वजन व लांबी आकड्यांनी कोरीत. अशा अर्धवट नळीस 'दौल' म्हणत. ती बादशहाच्या महालात जाई, आणि तेथे गोळीचे वजन ठरे. मोठ्या बंदुकीस पंचवीस टांक व लहानीस पंधरा टांक, ही गोळीच्या वजनाची शीव होती. मग नळीचे बूड बंद करून ती एका जुन्या दस्त्यावर चढवीत, तिसरा हिस्सा दारूने भरीत आणि उडवून पाहत. कोठे झिरपले नाही तर काम पुढे सरके. पुन्हा चाचणी होई. गोळी सरळ रेषेत गेली नाही तर नळी तापवून, आत सळई घालून ती सरळ करीत, आणि बादशहाच्या समक्ष कानसकाम करणाऱ्याच्या हवाली करीत. त्यानंतर दस्त्याचे लाकूड व घाट ठरे. कच्च्या व घडलेल्या लोखंडाचे वजन, लोखंड कोठले, कारागीर कोण, बंदूक कोठे घडली, तिथी व अनुक्रमांक, एवढी माहिती प्रत्येक बंदुकीच्या अंगावर कोरलेली असे. घोडा, गज वगैरे बसले की तिला 'सादी' म्हणत, आणि पाच गोळ्यांसह ती बादशहाकडे जाई. तो स्वतः चार गोळ्या झाडून पाही व पाचवी बंदुकीबरोबर परत पाठवी. नंतर नऊ रंगांपैकी एक रंग दस्त्यास देत. बंदूक 'रंगीन' झाली की पुन्हा पाच गोळ्या आणि पुन्हा चार बार. अशा दहा बंदुका सिद्ध झाल्यावर मगच त्यांच्या तोंडास व दस्त्यास सोन्याचे कोंदण होई. सोने सर्वांत शेवटी, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

आजही जे नेमबाज आपल्यासाठी खास रायफल घडवून घेतात, ते थोड्याफार फरकाने याच वाटेने जातात. नळी निवडावयाची, दस्ता आपल्या खांद्याच्या मापाचा करावयाचा, निरनिराळ्या वजनाच्या गोळ्या झाडून पाहावयाच्या आणि कोणती गोळी त्या नळीस मानवते ते वहीत टिपावयाचे. एकाच रायफलीने लक्ष्यभेदही करावयाचा आणि रानातही हिंडावयाचे म्हटले म्हणजे वजनाचा पेच पडतो. जड नळी नेमाला स्थिर राहते, पण मैलोगणती खांद्यावर वाहून नेताना जीव नकोसा करते. अकबराने हा पेच दोन जातींच्या बंदुका ठेवून सोडविला होता : एक दोन गज लांबीची, दुसरी सव्वा गजाची, तिचे नाव 'दमानक'. एक भेद मात्र विसरता कामा नये. आजच्या रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री खाचा असतात. त्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत जाते व वाट सोडत नाही. अकबराच्या बंदुकीत पीळ होता तो नळीच्या लोखंडात. आतून ती गुळगुळीतच होती. नेम सारा हाताचा. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीची बंदूक खुंटीवर गेली, हे सांगावयास नकोच.

दारूच्या काजळीने आणि गंजाने नळी आतून खराब होते. पूर्वी एक धट्टाकट्टा गडी लोखंडी हत्यारे घेऊन तासन् तास ती घासत बसे. अकबराच्या कारखान्यात बैलाने फिरणारे एक चक्र तयार झाले. त्यावर सोळा नळ्या एकाच वेळी स्वच्छ होत. या काजळीची व गंजाची आठवण वाचकांनी ठेवावी; पुढे तिचे कारण पडणार आहे.

हजारो बंदुकांतून अकबराने एकशे पाच बंदुका स्वतःसाठी निवडल्या होत्या. बारा महिन्यांच्या बारा, आठवड्यांच्या तीस, दिवसांच्या बत्तीस आणि राखीव एकतीस. विद्यार्थ्यांनी बेरीज करून पाहावी. प्रत्येक शिकार कोणत्या बंदुकीने झाली हे कारकून टिपून ठेवीत. या सर्वांत पहिला मान 'संग्राम' नावाच्या बंदुकीचा. वर्षाच्या पहिल्या महिन्यात, फर्वरदिनात, ती बाहेर निघे. आईनाच्या नोंदीप्रमाणे तिने एक हजार एकोणीस जनावरे पडली होती.

ती केवळ जनावरांवरच चालली असती तर बरे झाले असते. इ. स. १५६७ च्या अखेरीस अकबराने चितोडास वेढा घातला. फेब्रुवारी १५६८ मध्ये एका रात्री तटाच्या खिंडारापाशी चिलखत घातलेला एक सरदार डागडुजीवर देखरेख करताना त्याला दिसला. अकबराने संग्राम उचलली आणि बार काढला. शिकार लागली म्हणजे हातास जसा हलकेपणा वाटतो तसा वाटल्याचे त्याने राजा भगवानदासास सांगितले. तो सरदार गडाचा रक्षक जयमल राठोड होता. रजपुतांच्या परंपरेप्रमाणे तो पायास जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी सोबत्याच्या खांद्यावर बसून लढत पडला. गडावर जोहार झाला. गड पडल्यावर अकबराने कत्तलीचा हुकूम दिला आणि सुमारे तीस हजार माणसे मारली गेली. त्यांत पुष्कळसे शेतकरी होते. माणसाच्या अंगावर नेम धरताना शिकारीचा हलकेपणा वाटावा, ही गोष्ट आम्हांस कत्तलीच्या आकड्याइतकीच अस्वस्थ करते. चरित्र सांगताना ती गाळणे बरे नव्हे.

त्याच अकबराने दहा वर्षांनी निराळेच काही केले. सबंध रान वेढून, जनावरे कोंडून करावयाच्या शिकारीस कमरगा म्हणत. १५६७ मध्ये लाहोरजवळ अशा वेढ्यात तो पाच दिवस शिकार खेळला होता. १५७८ मध्ये पंजाबात भेऱ्यापाशी असाच वेढा आवळत आला असता त्याने एकाएकी हात आखडला आणि कोंडलेली सर्व जनावरे सोडून देण्याचा हुकूम केला. त्या वेळी त्याच्या मनात काय आले याविषयी बखरकारांनी नाना तर्क केले आहेत. बंदूक त्याने कायमची टाकली नाही. परंतु पुढे त्याने मांसाहार पुष्कळ कमी केला आणि ठरावीक दिवशी प्राणी मारण्यास मनाई केली.

इ. स. १६०० मध्ये तो आपल्या बऱ्हाणपुरात आला तेव्हा साठीकडे झुकला होता. फारुकी राजा बहादूरशहा असीरगडावर दडला होता. गडावर तोफा आणि दारूगोळा विपुल, तट अभेद्य. ज्याने बंदुकीच्या नळीत क्रांती केली त्याच्या दारूगोळ्याचे येथे काही चालले नाही. गडात रोगराई पसरली, बहादूरशहास बोलणे करण्यास बोलावून अडकवून ठेविले, अधिकाऱ्यांस द्रव्य चारले, तेव्हा जानेवारी १६०१ मध्ये दरवाजे उघडले. थोरला मुलगा सलीम याने तिकडे अलाहाबादेस बंडाळी मांडली होती. मधला मुराद १५९९ मध्येच मद्यपानाने मेला होता. धाकटा दानियाल यास दक्षिणेचा कारभार देऊन आणि खानदेशास त्याच्या नावावरून 'दानदेश' म्हणवून बादशहा आग्र्यास परतला.

दानियाल बऱ्हाणपुरास राहिला. बंदुकीचा आणि शिकारीचा नाद त्याने पित्याकडून घेतला होता. मद्याचे व्यसन मात्र भावाचे. आपल्या आवडत्या बंदुकीस त्याने 'यका-ओ-जनाजा' असे नाव दिले होते. जिची गोळी लागली तो जनाज्यावर चढलाच, असा त्याचा आशय. तिच्यावर स्वतः रचलेल्या फारसी ओळीही त्याने कोरविल्या होत्या. मद्यपान सुटेना, तेव्हा अकबराने कडक हुकूम धाडले आणि दानियालचा सासरा खानखानान अब्दुर्रहीम याने पहारे बसविले. दारूचा थेंब आत जाईना. शेवटी दानियालाने मुर्शिद कुली नावाच्या आपल्या बंदूकवाल्यास गळ घातली, आणि त्याने त्याच लाडक्या बंदुकीच्या नळीत कडक दारू भरून आत आणली. नळीतील काजळी आणि गंज त्या दारूत विरघळला होता. ती पिऊन दानियाल अंथरुणास खिळला आणि इ. स. १६०५ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, याच गावी मरण पावला.

अकबरास ही वार्ता आग्र्यास कळली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तोही गेला. सलीम जहांगीर नाव घेऊन तख्तावर बसला, आणि वडिलांची नोंदी ठेवण्याची सवय त्याने पुरेपूर उचलली. आपल्या पन्नाशीपर्यंत आपल्या शिकारीत २८,५३२ जनावरे पडली व त्यांतील १७,१६७ आपण स्वतः मारली, असा हिशेब त्याने आत्मचरित्रात दिला आहे. जयमलावर चाललेल्या बंदुकीची स्तुती त्याच ग्रंथात आहे. तिने वडिलांनी तीन-चार हजार पशुपक्षी मारले, असे तो म्हणतो. कारकुनांच्या नोंदीतील एक हजार एकोणीस आणि मुलाच्या आठवणीतील हा आकडा जुळत नाहीत. आणि भावाच्या त्या दुसऱ्या बंदुकीची हकीकत, बऱ्हाणपुरात तिच्या नळीतून काय आले ती, हीदेखील जहांगिरानेच त्याच पुस्तकात लिहून ठेविली आहे.