विश्लेषण : मुख्यमंत्री मोठा की हायकमांड? १९३८ मध्ये नागपूरच्या डॉ. खरेंची खुर्ची कशी गेली?

मौदा असो, कामठी असो की रामटेक. उमेदवारीची चर्चा कितीही रंगली तरी शेवटी नाव वरून येणार, हे चहाच्या टपरीवरही सगळ्यांना माहीत असते. हे वर म्हणजे पक्षश्रेष्ठी, हायकमांड. निवडून आलेल्या प्रांतप्रमुखाला याच श्रेष्ठींनी पायउतार व्हायला लावण्याचा गाजलेला प्रसंग नागपूर आणि वर्ध्यातच घडला. त्या प्रसंगाचे नायक, किंवा काहींच्या मते खलनायक, होते डॉ. नारायण भास्कर खरे.

खरे मूळचे विदर्भातले नव्हते. जन्म १८८४ चा, पनवेलचा. वैद्यकीय शिक्षण लाहोरला झाले. पुढे नागपुरात डॉक्टरकी सुरू केली आणि राजकारणात ओढले गेले. तरुण भारत हे मराठी पत्रही त्यांनी चालवले.

कार्यकारिणीचा जन्म नागपूरचाच

डिसेंबर १९२० मध्ये नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींच्या पुढाकाराने तिथे पक्षाला नवी घटना मिळाली आणि रोजचे निर्णय घेण्यासाठी १५ जणांची कार्यकारिणी अस्तित्वात आली. पुढे हायकमांड म्हणून ओळखली गेली ती हीच.

१९३७ च्या निवडणुकीनंतर प्रांतांत काँग्रेसची सरकारे आली. त्यांच्यावर देखरेखीसाठी वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आणि राजेंद्र प्रसाद यांचे संसदीय मंडळ होते. मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रमुख झाले खरे. तेव्हा या पदाला मुख्यमंत्री नव्हे, पंतप्रधान म्हणत.

प्रांत दोन भाषांचा होता. नागपूर आणि वऱ्हाड मराठी, महाकोशल हिंदी. मंत्रिमंडळातही तीच फळी दिसे. एकीकडे खरे, गोळे आणि रामराव देशमुख. दुसरीकडे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता. कुरबुरी इतक्या वाढल्या की मे १९३८ मध्ये पचमढीला श्रेष्ठींना समेट घडवावा लागला. तो दोन महिनेही टिकला नाही.

त्या रात्री काय झाले?

२० जुलै १९३८. खरे, गोळे आणि देशमुख यांनी राजीनामे दिले. प्रमुखाने राजीनामा दिला की सगळे मंत्रिमंडळ जाते, असा खरेंचा हिशेब होता. मात्र शुक्ल, मिश्र आणि मेहता यांनी संसदीय मंडळाच्या आदेशाशिवाय राजीनामा द्यायला नकार दिला. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी रातोरात तिघांना बडतर्फ केले आणि खरेंना नवे सरकार बनवायला बोलावले. २१ जुलैला नवे मंत्रिमंडळ उभे राहिले. त्यात ठाकूर प्यारेलाल सिंह होते आणि दलित समाजातले रामेश्वर अग्निभोजही.

खरेंचा मुद्दा घटनेच्या पुस्तकात बसणारा होता. सहकारी कोण असावेत, हे सरकारच्या प्रमुखाने ठरवायचे आणि त्याने विधिमंडळाला उत्तर द्यायचे. पण ज्या गव्हर्नरच्या अधिकारांविरुद्ध काँग्रेस लढत होती, त्याच्याच हातून काँग्रेसचे तीन मंत्री घरी पाठवले गेले. श्रेष्ठींना झोंबले ते हे. खरे इथे चुकले, हे त्यांच्या बाजूने विचार करणाऱ्यालाही नाकारता येत नाही.

दोन दिवसांत वर्ध्याहून बोलावणे आले आणि २३ जुलैला खरेंनी पुन्हा राजीनामा दिला. ते सेवाग्रामला गांधीजींना भेटले, पण चूक कबूल करणाऱ्या निवेदनाच्या मसुद्यावरून बिनसले. खरेंनी सही केली नाही. मग अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या उपस्थितीत कार्यकारिणीने त्यांना जबाबदारीच्या पदांसाठी अपात्र ठरवणारा ठराव केला. २७ जुलैला आमदारांच्या बैठकीने शुक्ल यांना नेता निवडले, २९ ला त्यांचे सरकार आले.

बाथ पक्षात उलटे घडले

पक्ष वर की सरकार, हा पेच भारतापुरता नाही. सीरिया आणि इराकवर राज्य केलेल्या अरब राष्ट्रवादी बाथ पक्षात दोन थर होते. सगळ्या अरब जगासाठी राष्ट्रीय कमांड आणि प्रत्येक देशापुरती प्रादेशिक कमांड. कागदावर राष्ट्रीय कमांड श्रेष्ठ. पण फेब्रुवारी १९६६ मध्ये दमास्कसमध्ये प्रादेशिक शाखेतल्या लष्करी गटाने बंड करून वरची कमांडच उलथवली. पक्षाचे संस्थापक मिशेल अफलाक यांना देश सोडावा लागला. तिथे खालच्याने वरच्याला घालवले ते रणगाड्यांनी. वर्ध्यात वरच्याने खालच्याला घालवले ते एका ठरावाने आणि आमदारांच्या मतांनी.

नंतरचे खरे

मराठी भागात हा अन्याय मानला गेला. १ ऑक्टोबर १९३८ ला विधिमंडळात स्वतंत्र महाविदर्भाचा ठराव मंजूर झाला. त्या मागणीची मुळे या प्रसंगापेक्षा जुनी आहेत, पण जखम ताजी होती.

काँग्रेसचे दार बंद झाले आणि खरेंचा राग आयुष्यभर गेला नाही. १९४३ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, म्हणजे जुन्या सहकाऱ्यांच्या लेखी शत्रूच्या गोटात. एप्रिल १९४७ मध्ये ते अलवर संस्थानचे पंतप्रधान झाले. फाळणीच्या त्या महिन्यांत तिथे मेव मुस्लिमांवर भीषण अत्याचार झाले. संस्थानच्या कारभारावरचा तो डाग खरेंच्या चरित्रातून पुसता येत नाही. गांधीहत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये पदही गेले. कटाशी त्यांचा संबंध असल्याचे मात्र सिद्ध झाले नाही.

१९४९ मध्ये ते हिंदू महासभेत गेले आणि तिचे अध्यक्ष झाले. पुढे ग्वाल्हेरमधून लोकसभेत पोहोचले. १९५९ मध्ये इंग्रजी आत्मचरित्र आले. जुलै १९३८ च्या त्या दिवसांचा आपल्या बाजूचा हिशेब त्यांनी त्यात पुन्हा मांडला. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर नागपूर राजधानी राहिले नव्हते आणि विदर्भ महाराष्ट्रात येऊन दहा वर्षे झाली होती.