नृत्याला समाजाची भाषा देणारा कलावंत

समाजप्रबोधन म्हटले की व्याख्यान, अग्रलेख किंवा नाटक यांचे स्मरण होते. नृत्य मात्र करमणुकीचा, फार तर देवभक्तीचा विषय मानला जातो. या समजुतीला छेद देणाऱ्यांत उदयशंकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

१९०० साली उदयपूर येथे जन्मलेल्या उदयशंकरांनी बालपणी कोणत्याही शास्त्रीय नृत्यपरंपरेची दीक्षा घेतली नव्हती. त्यांच्या मनावर ठसा उमटला तो मातादीन या चर्मकार समाजातील नर्तकाच्या नृत्याचा. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकले. १९२३ मध्ये ॲना पाव्हलोव्हा या विख्यात नर्तिकेसमवेत ते रंगमंचावर कृष्ण झाले आणि कुंचला मागे पडला. शिव आणि कृष्ण यांच्या रूपांनी त्यांना यूरोप-अमेरिकेत कीर्ती मिळवून दिली. तेवढ्यावर ते थांबले असते, तर कोणी त्यांना दोष दिला नसता.

परंतु ते स्वदेशी परतले व अल्मोडा येथे त्यांनी संस्कृती केंद्र उभारले. कथकळी, भरतनाट्यम् आणि मणिपुरी यांचे गुरू तेथे एकत्र आले. त्याच काळातील ‘लेबर अँड मशिनरी’ या नृत्यनाट्यात नर्तकांचे देहच यंत्राचे भाग बनले. कारखान्यात माणसाचे माणूसपण कसे हरपते आणि अखेर तो कसा बंड करून उठतो, हे निरक्षर प्रेक्षकालाही शब्दांवाचून उमगावे, अशी ही रचना होती. उपदेश टाळून अनुभव देणे, हेच तिचे सामर्थ्य.

महायुद्धाच्या काळात अर्थाभावी केंद्र बंद पडले. विचार मात्र बंद पडला नाही. तेथील शांती बर्धन यांनी मुंबईत अंधेरी येथे ‘इप्टा’च्या मध्यवर्ती पथकासाठी नृत्यनाट्ये रचली आणि १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाची व्यथा रंगमंचावर आणली. अल्मोड्याचा आणखी एक विद्यार्थी, गुरुदत्त, चित्रपटाकडे वळला.

आपले स्वप्न उदयशंकरांनी ‘कल्पना’ या १९४८ च्या चित्रपटात मांडले. प्रांताभिमान, धनिकांचा दंभ आणि यंत्रयुगातील श्रमिकाची दशा यांवर त्यात नृत्यातून भाष्य होते. तिकीटबारीवर तो अयशस्वी ठरला. १९७१ मध्ये शासनाने त्यांना पद्मविभूषण दिले आणि १९७७ मध्ये कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. २०१२ मध्ये कान महोत्सवात याच चित्रपटाची पुनरुज्जीवित प्रत दाखविली गेली.

देवादिकांच्या नृत्याला टाळ्या देणाऱ्या समाजाने श्रमिकाच्या नृत्याला आश्रय नाकारला, हा या चरित्राचा कटू बोध आहे. शाळांच्या स्नेहसंमेलनात नृत्य बसविणाऱ्या शिक्षकांनी तरी तो ध्यानी घ्यावा.